एकच प्रत, अनेक हात

दिवाळी अंकाच्या कामात सप्टेंबर महिना सगळ्यात कठीण. जाहिराती यायच्या असतात, चित्रकाराची रेखाटनं अर्धी झालेली असतात आणि लेखकांचा मजकूर चारी बाजूंनी येऊन आदळत असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका सप्टेंबरात एका कथेच्या पाच फाइली माझ्या संगणकावर जमा झाल्या. पहिली लेखिकेने पाठवलेली. दुसरी मी काटछाट केलेली. तिसरी मुद्रितशोधकांनी तपासलेली. चौथी पुन्हा लेखिकेकडून आली; तिने कथेचा शेवट बदलला होता, पण तो स्वतःकडच्या मूळ फाइलमध्ये. त्यामुळे माझी काटछाट आणि मुद्रितशोधकांच्या दुरुस्त्या त्या फाइलमध्ये नव्हत्या. पाचवी डीटीपी करणाऱ्याकडची. ती नेमकी कुठल्या फाइलवरून लावली होती, हे त्यालाही सांगता येईना. नावं होती ‘कथा फायनल’, ‘कथा फायनल नवीन’, ‘कथा फायनल नवीन दुरुस्त’. अंक छापून आला तेव्हा त्यात जुना शेवट होता. लेखिकेने फोनवर एवढंच विचारलं, “अहो, मी शेवट बदलून पाठवला होता ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे दुखणं संगणकाने आणलेलं नाही. एका मजकुराच्या दोन प्रती झाल्या की त्या एकमेकींपासून दूर जाऊ लागतात, हा अनुभव लेखनाइतकाच जुना आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० च्या सुमारास पूर्ण झाली. पुढची तीनशे वर्षं ती हातांनी उतरवून घेतली जात राहिली. कुठे शब्द बदलला, कुठे ओवी वाढली, कुठे गळली. शेवटी पैठणच्या एकनाथ महाराजांनी तिच्या वेगवेगळ्या प्रती पडताळून शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्याकडे या दुखण्याला नेमका शब्दही आहे: पाठभेद. माझ्या संगणकावरच्या त्या पाच फाइली म्हणजे एकाच कथेचे पाच पाठ होते, आणि त्यांतला खरा कोणता हे पाहायला छपाईच्या आदल्या रात्री कुणालाच सवड नव्हती.

ऑनलाइन वर्ड प्रोसेसरचं सगळ्यात मोठं काम मला इथे दिसतं. तो बहुतेकांना फुकट मिळतो, कुठल्याही संगणकावर आणि फोनवर उघडतो, त्यासाठी काही बसवावं लागत नाही. हे सगळं खरंच आहे. पण त्याने पाठभेदाचं मूळ उपटून काढलं, हे त्याहून मोलाचं. मजकूर एका जागी राहतो आणि माणसं त्याच्याकडे येतात. आपण दुसऱ्याला फाइल पाठवत नाही, पत्ता पाठवतो. त्या पत्त्यावर जो कुणी जाईल त्याला त्या क्षणाची एकमेव प्रत दिसते.

ही कल्पना आजची नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी भरल्या सभागृहात ती प्रत्यक्ष करून दाखवली. ते स्वतः व्यासपीठावर होते, सहकारी मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत, आणि दोघांच्या पडद्यावर एकच मजकूर होता. माउसही त्यांनी त्याच कार्यक्रमात दाखवला. माउस पुढे घराघरांत गेला. सामायिक मजकुराला मात्र आणखी सदतीस वर्षं थांबावं लागलं. सारं पान पुन्हा न उघडता ब्राउझर मागच्या मागे सर्व्हरशी बोलू शकतो, हे तंत्र रुळल्यावर २००५ मध्ये ‘रायटली’ नावाचा ब्राउझरमध्ये चालणारा वर्ड प्रोसेसर आला. मार्च २००६ मध्ये गूगलने तो विकत घेतला आणि त्यातून गूगल डॉक्स उभं राहिलं. त्याच २००५ मध्ये, आज झोहो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चेन्नईच्या कंपनीने झोहो रायटर आणला, म्हणजे या शर्यतीत आपल्या देशातली मंडळी पहिल्या दिवसापासून होती. मायक्रोसॉफ्टचा वर्ड ब्राउझरमध्ये आला तो २०१० मध्ये.

आता मुख्य प्रश्न. एकाच प्रतीवर दोघं एकाच वेळी लिहू लागले तर मजकुराचा खिचडा का होत नाही?

छोटं उदाहरण घेऊ. पडद्यावर वाक्य आहे: ‘पाऊस आला’. संगणक ते चिन्हांनी मोजतो. काना, मात्रा, वेलांटी ही त्याच्या लेखी स्वतंत्र चिन्हं. म्हणून प, काना, ऊ, स, मोकळी जागा, आ, ल, काना अशी ही आठ चिन्हं झाली. कोल्हापुरात बसलेल्या एकाने वाक्याच्या सुरुवातीला ‘मोठा’ हा शब्द आणि एक मोकळी जागा घातली. म, मात्रा, ठ, काना आणि जागा, अशी पाच चिन्हं. नेमक्या त्याच क्षणी नागपुरातल्या दुसऱ्याने शेवटी पूर्णविराम दिला. नागपूरच्या संगणकाने सर्व्हरला कळवलं, ‘आठव्या चिन्हानंतर पूर्णविराम टाक.’ सर्व्हरने हा निरोप जसाच्या तसा पाळला तर काय होईल? कोल्हापूरचा ‘मोठा’ आधीच पोचलेला असेल, तर आठवं चिन्ह आता ‘पाऊस’मधला ऊ आहे. वाक्य होईल ‘मोठा पाऊ.स आला’. म्हणून सर्व्हर आधी हिशेब करतो: या निरोपाच्या अलीकडे पाच चिन्हं वाढली आहेत, तेव्हा आठाचे तेरा कर. पूर्णविराम तेराव्या चिन्हानंतर जातो आणि कोल्हापूर, नागपूर दोन्हीकडे एकच वाक्य दिसतं: ‘मोठा पाऊस आला.’ प्रत्येक टिचकीमागे ही बेरीज-वजाबाकी चालू असते. संशोधक एलिस आणि गिब्ज यांनी १९८९ मध्ये तिची पद्धत मांडली. गूगल डॉक्सने २०१० मध्ये आपला संपादक मुळापासून नव्याने लिहिला तेव्हा तो याच पद्धतीवर उभा केला. त्याआधी तिथेही दोन अख्ख्या प्रती ताडून जुळवाव्या लागत, आणि दोघांनी एकाच वाक्याला हात लावला की अडचण होई.

या रचनेतून आणखी एक गोष्ट आपोआप मिळते. प्रत्येक बदल निरोप होऊन सर्व्हरकडे जातो आणि तिथे नोंदला जातो, त्यामुळे मजकूर जतन करण्याचं वेगळं काम उरत नाही. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्राच्या गावांत आणि तालुक्यांत ज्यांनी संगणकावर लिहिलं, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. दीड तास खपून लिहिलेली चार पानं वीज गेली की जात. बोटं दर वाक्याला आपसूक जतन करण्याच्या कळांकडे वळत, आणि एखाद्या दिवशी लिहिण्याच्या भरात विसरलं की नेमकी त्याच दिवशी वीज जाई. आता वीज गेली, संगणक बिघडला, फोन हरवला, तरी फार तर शेवटचे काही शब्द जातात.

एकच प्रत असणं पूर्वी फार धोक्याचं होतं. १८३५ मध्ये थॉमस कार्लाइल यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचं हस्तलिखित मित्राला, जॉन स्टुअर्ट मिल यांना, वाचायला दिलं. मिल यांच्याकडे ते रद्दी समजून जाळलं गेलं. दुसरी प्रत नव्हती. कार्लाइल यांना अख्खा खंड पुन्हा लिहावा लागला. या भीतीपोटीच तर आपण प्रती काढत आलो: कार्बन कागद, झेरॉक्स, सीडी, पेन ड्राइव्ह. म्हणजे एक प्रत ठेवावी तर ती जाण्याची भीती आणि अनेक ठेवाव्यात तर पाठभेदाची. ऑनलाइन मजकुराने हा पेच सोडवला. वापरणाऱ्याला एकच प्रत दिसते. तिच्या राखणीसाठी लागणाऱ्या प्रती मागे, वेगवेगळ्या यंत्रांवर, कुणाचा हात न लागता ठेवलेल्या असतात.

शिवाय जुने पाठ पुसले जात नाहीत. ‘आवृत्ती इतिहास’ उघडला की कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कुणी काय बदललं ते रंगांनी वेगळं केलेलं दिसतं आणि हवा तो जुना मजकूर परत आणता येतो. लेखकाने याचा एक फायदा जरूर घ्यावा. महत्त्वाच्या टप्प्यावर आवृत्तीला नाव द्यावं: ‘पहिला खर्डा’, ‘संपादकांकडे दिला तो’, ‘छपाईला गेला तो’. कारण काळ जातो तशा बारीकसारीक आवृत्त्या एकत्र केल्या जातात. नाव दिलेली मात्र यादीत नेमकी सापडते. मी हे शिकल्यापासून कापलेल्या परिच्छेदासाठी वेगळी फाइल ठेवणं सोडलं. कापताना हातही मोकळा झाला, कारण कापलेलं परत आणता येतं हे पक्कं ठाऊक असतं.

पण संपादक म्हणून मला सगळ्यात जवळची वाटते ती सुचवणीची सोय. गूगल डॉक्समध्ये ती २०१४ मध्ये आली. तुम्ही मजकुरात बदल करता, पण तो लगेच लागू होत नाही; मूळ शब्दावर रेघ येते, नवा शब्द वेगळ्या रंगात शेजारी उभा राहतो आणि समासात नोंद होते. लेखक ती मान्य करतो किंवा फेटाळतो. मुद्रितशोधकाच्या लाल शाईचाच हा अवतार, पण लाल शाईला नसलेली एक गोष्ट याच्याकडे आहे. लेखकाला तिथेच उत्तर देता येतं.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या एका कथेत वाक्य होतं, ‘आजी खळ्यात बसून तांदूळ निवडत होती.’ आमचे मुद्रितशोधक देशावरचे, शेतकरी घरातले. त्यांच्या लेखी खळं म्हणजे मळणीची जागा, गावाबाहेर शेतात असणारी. तिथे आजी एकटी तांदूळ निवडत कशाला बसेल? त्यांनी ‘अंगणात’ असं सुचवलं आणि समासात लिहिलं, “खळं मळणीचं असतं. इथे अंगण हवं का?” तासाभरात सिंधुदुर्गातून लेखिकेचं उत्तर आलं, “सर, आमच्याकडे घरापुढच्या अंगणालाच खळं म्हणतात. तेवढं राहू द्या.” मुद्रितशोधकांनी लिहिलं, “राहू द्या. मला हे नवीन कळलं.” सुचवणी फेटाळली गेली, शब्द राहिला.

हा शब्द जुन्या पद्धतीत वाचला नसता. प्रूफ लेखिकेपर्यंत जायलाच वेळ नसे. जाणत्या माणसाने चांगल्या हेतूने ‘खळं’चं ‘अंगण’ केलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. मराठीचे असे किती शब्द दुरुस्तीच्या नावाखाली छापखान्यांत गेले असतील, याचा विचार केला की जीव हळहळतो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, झाडीबोली लिहिणाऱ्यांनी तरी आपला मजकूर संपादकाला द्यावा तो याच पद्धतीने. आपल्या बोलीचा शब्द राखण्याचा अधिकार इथे शेवटपर्यंत आपल्या हातात राहतो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक मोठा फायदा आहे, आणि तो ऑनलाइन लेखनाबरोबर जवळजवळ न मागता आला. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द साठवला जातो तो इ, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांच्या रूपात. फॉन्ट त्या अक्षरांना फक्त देवनागरी कपडे घालतो. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की कपडे उतरतात आणि पानभर अर्थहीन रोमन अक्षरं उरतात. ‘फॉन्ट फुटला’ हे वाक्य आमच्या व्यवसायात रोजचं होतं. ऑनलाइन वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिलेली मराठी युनिकोडमध्ये असते. त्यात ‘म’ला ‘म’ म्हणूनच स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे ती डोंबिवलीत लिहा, न्यू जर्सीत उघडा, फोनवर वाचा, तीच दिसते. तिच्यात शब्द शोधता येतो, आणि शोधता येणं ही संपादकाची अर्धी कमाई आहे. फॉन्टही ब्राउझरमार्फत येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता आणि मराठी वळणाचे ल आणि श असलेला तिरो देवनागरी मराठी हे दोन्ही गूगलच्या फुकट फॉन्टसंग्रहात आहेत.

इथे लिहिणाऱ्यांना एक सूचना. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर ‘अ’ टंकून त्यावर चंद्र दिला जात असे, आणि कित्येकजण अजूनही तसंच टंकतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला नाही. ‘ॲप’ शोधला तर दुसऱ्या पद्धतीने टंकलेला शब्द सापडेलच असं नाही. अनेक हातांनी लिहिलेला मजकूर एकत्र आला की ‘शोधा आणि बदला’ वापरून हे अक्षर आधी एकसारखं करून घ्यावं. तसंच डोळ्यांत तेल घालून ‘ऱ’ तपासावा, कारण छापखान्यात मजकूर जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित होताना ‘दऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ हेच शब्द आधी मोडतात.

बोलून लिहिण्याची सोयही आहे. गूगलच्या आवाजी टंकलेखनात मराठी २०१७ पासून आहे. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना कीबोर्ड कधी जमलाच नाही, अशा ज्येष्ठांच्या आठवणी उतरवून घ्यायला ती फार उपयोगी पडते. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, जोडाक्षरं तपासावी लागतात. छापील पानाचा स्पष्ट फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडला तर त्यातला मराठी मजकूर अक्षरांत उतरतो. तोही तपासूनच वापरावा.

सावधगिरीच्या गोष्टीही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. पत्ता देताना अधिकार पाहून द्या. पाहण्याचा, टिप्पणी करण्याचा आणि बदलण्याचा असे तीन वेगवेगळे अधिकार असतात. ज्याच्याकडे लिंक त्याला उघडता येईल असा पर्याय निवडलात, तर ती लिंक पुढे कुठेही जाऊ शकते. बदलण्याचा अधिकार दिलेल्या माणसाला आवृत्ती इतिहासही दिसतो. रागात लिहून खोडलेलं वाक्य त्यालाही वाचता येतं. इंटरनेट नसतानाही लिहायचं असेल तर ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवावी लागते, प्रवासात निघाल्यावर आठवून उपयोग नाही. मोठं पुस्तक एकाच दस्तऐवजात कोंबू नये. गूगल डॉक्सची मर्यादा सुमारे १० लाख २० हजार चिन्हांची आहे, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. प्रत्येक प्रकरणाला वेगळा दस्तऐवज करावा.

आणि एक प्रत स्वतःकडे ठेवावीच. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी गूगलच्या एका चुकीमुळे अनेकांचे निर्दोष दस्तऐवज नियमभंग करणारे ठरून अचानक बंद झाले. चूक दुरुस्त झाली, मजकूर परत मिळाला. पण दुसऱ्याच्या घरात ठेवलेल्या वस्तूची किल्ली दुसऱ्याकडेच असते, हे त्या दिवशी पुष्कळांना कळलं. महिन्यातून एकदा मजकूर उतरवून आपल्या संगणकावर ठेवणं हे पाच मिनिटांचं काम आहे. ती प्रत निव्वळ ठेवीची. तिच्यात एक अक्षरही बदलायचं नाही. बदल नेहमी त्या एका पत्त्यावरच. आणि ज्या मजकुरात कुणाच्या जिवाची किंवा अब्रूची जोखीम असेल, तो अशा ठिकाणी लिहूच नये, किंवा क्रिप्टपॅडसारखी सेवा वापरावी, जिथे मजकूर आपल्याच ब्राउझरमध्ये कुलूपबंद होऊन पुढे जातो.

नवं लिहिणारे हे सगळं लवकर शिकतील. मला काळजी आहे ती जुन्या मजकुराची. १९९० ते २०१० या काळात जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या कथा, गावांचे इतिहास, संस्थांचे अहवाल, आईवडिलांच्या आठवणी आज सीडींवर आणि बंद पडलेल्या संगणकांत पडून आहेत. ते फॉन्ट ओळखणारी माणसंही आता थकत चालली आहेत. तुमच्या घरी, संस्थेत, मंडळात अशी एक जरी सीडी असेल तर ती या आठवड्यात काढा, ज्यांना तो फॉन्ट कळतो त्यांच्याकडून मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, एका दस्तऐवजात ठेवा आणि त्याचा पत्ता निदान दोन माणसांना देऊन ठेवा.